नावाची पाटी शेवटी वाचावी

लायप्झिगजवळ मी जुने पियानो दुरुस्त करते. फोनवर पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं : “आजीकडे टेबलासारखा पियानो आहे, मोझार्टच्या काळातला.” जाऊन बघावं, तर तो मोझार्टच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी केलेला निघतो.

अशा आयताकृती पियानोला इथे टाफेलक्लाविअर म्हणतात. तारा डावीकडून उजवीकडे आडव्या. ग्रँडपेक्षा स्वस्त, बेताच्या घरात मावणारा. म्हणून शंभरेक वर्षं खपला. मग उभा पियानो आला आणि याच्या झाकणावर फुलदाण्या बसल्या.

मी आधी पट्ट्या मोजते. ६१, म्हणजे पाच सप्तकं असली, तर वाद्य बहुधा अठराव्या शतकातलं किंवा एकोणिसाव्याच्या आरंभीचं. ७३ असल्या तर साधारण १८१० ते १८३०. ८५ पट्ट्या दिसल्या की आजीची गोष्ट संपली : ते १८५०च्या आगेमागे किंवा त्यानंतरचं. अर्थात हे ढोबळच. काही कारागीर जुनंच माप पुढेही चालवत.

मग हातोड्या. व्हिएन्ना पद्धतीत हातोडी पट्टीवरच बसवलेली असते. पट्टी दाबली की हातोडीची शेपटी मागे अडकते आणि डोकं तारेवर उसळतं. हा हलका स्पर्श मला फार आवडतो. इंग्लिश पद्धतीत हातोड्या वेगळ्या टांगलेल्या असतात, पट्टीवरचा खटका त्यांना ढकलतो. जर्मनीत दोन्ही चालत, त्यामुळे एवढ्यावरून देश ठरवू नये. लंडनमध्ये असले पियानो लोकप्रिय करणारा योहानेस झुम्पे तरी कुठला? जर्मनच.

हातोडीवर चामडं आहे की फेल्ट, हेही बघते. फेल्टचं पेटंट पॅरिसच्या पाप नावाच्या पियानो-कारागिराने १८२६ साली घेतलं. त्याआधीच्या वाद्यावर फेल्ट दिसलं, तर मागाहून कुणीतरी हात फिरवलाय.

पट्ट्यांवरच्या पाटीतलं सोनेरी नाव सगळ्यात शेवटी. ते कधी विक्रेत्याचं असतं, कधी नंतर रंगवलेलं. पहिल्या किंवा शेवटच्या पट्टीच्या लाकडावर पेन्सिलीची सही आणि साल सापडलं, तर त्यावर माझा जास्त भरवसा.

असा पियानो तुमच्याकडे आलाच, तर एवढं ऐका : उत्साहाने तारा पिळून आजच्या सुरात आणू नका. त्या ताणाने जुना लाकडी सांगाडा पिळवटतो, फळी चिरते. पॉलिशही नको, आधी आतबाहेरचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. आणि विकून पैसा होईल ही आशा सोडा. दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा किमतीपेक्षा जास्तच येतो.