दुष्काळग्रस्तांस पांघरुणे : कोणती द्यावीत व का

धान्य व वैरण ह्यांच्या खालोखाल दात्यांकडून आम्हांकडे पांघरुणे येतात. ती कोणत्या प्रकारची असावीत, अशी पृच्छा व्यापारी व जमीनदार मंडळींकडून वारंवार होते. सबब पुढील खुलासा सादर करीत आहोत.

अन्नावाचून खंगलेल्या देहास स्वतःची ऊब राखता येत नाही. म्हणून दुष्काळात पौषातील रात्र जितकी वैरीण, तितकाच पहिला पाऊसही वैरी. 1876-78 च्या दुष्काळात पाऊस परतल्यावरही हिवतापाने असंख्य क्षीण माणसे दगावली. अशा वेळी घरातील पांघरुणे भांड्यांमागोमाग बहुधा विकली गेलेली असतात.

सुती चादर, जीकरिता सोलापूर प्रसिद्ध आहे, ती मऊ व धुण्यास सोपी. तान्ही मुले, बाळंतिणी व आजारी ह्यांस तीच योग्य. परंतु भिजली की तिची ऊब जाते. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी उबदार खरी, पण ओली झाल्यास लवकर वाळत नाही. पानिपतकडील, लोकरी चिंध्या पिंजून विणलेली ब्लँकेटे स्वस्त पडतात व तातडीच्या प्रसंगी उपयोगी येतात. मेंढीच्या लोकरीची घोंगडी जड असते व अंगास टोचते. तथापि बरीच ओल शोषूनही ती ऊब सोडीत नाही. पावसात तिची खोळ करावी, रात्री तीच अंथरावी-पांघरावी, दिवसा तीतच चारा बांधावा.

घोंगडीस आणखी एक महत्त्व आहे. माण, खटाव, सांगोला अशा अवर्षणाच्या मुलुखातच धनगर मेंढरे राखतात, आणि सणगर तिच्या ताण्यास चिंचोक्याची खळ लावून मागावर ती विणतात. दुष्काळात धान्य महागताच शेतकरी नवे पांघरूण घेणे प्रथम थांबवितो, व विणकराचे गिऱ्हाईक नाहीसे होते. त्याने माग मोडून खडी फोडावयास जावे, तर सुकाळ आला तरी तो माग पुन्हा उभा राहणे कठीण. त्याच्याकडून घेतलेली एक घोंगडी दोन घरांस आधार देते.

सबब विनंती अशी की, चादरी बालके व आजारी ह्यांच्यापुरत्या पाठवाव्यात. इतरांकरिता शक्य तो रोख वर्गणी द्यावी, म्हणजे आम्हांस पीडित मुलुखातील विणकरांकडूनच घोंगड्या खरेदी करता येतील. मागावर माल तयार होण्यास अवधी लागतो. करिता ही वर्गणी दिवाळीपूर्वी पोचावी. हुडहुडी भरल्यावर आलेल्या पांघरुणाचे अर्धे पुण्य वाया जाते.