“आताच तर जेवलात!”

जालन्याला आमचे एक काका आहेत. उभा जन्म मोंढ्यात हिशेब लिहिण्यात गेला. 1972च्या दुष्काळातले ज्वारीचे भाव विचारा, अजून घडाघडा सांगतील, पण जेवून हात धुतले की विचारतात, “आज जेवायचं नाही का?”

“आताच तर जेवलात!” काकू करवादत. काका ओशाळत, मग चिडत. दिवसभर अबोला!

वाचकहो, ज्याला आपण म्हातारचळ म्हणून हसतो, तो पुष्कळदा मेंदूचा विकार असतो. आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली त्यातल्या एकाचे वर्णन केले. तो बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. म्हणून आधी डॉक्टर गाठावा.

काकूंनी आता वाद सोडला. “चहा टाकते,” म्हणतात. पण त्यांच्या जिवाला विसावा? तो कुणाला सुचला नव्हता! अखेर धाकटी जाऊ रविवारी घरी बसू लागली. काकू भजनाला जातात. (ज्येष्ठांसाठी 14567 आणि मनावरचा भार बोलायला 14416 हे सरकारी फोनही आहेत.)

परवा दारामागे एक चिठ्ठी दिसली. अक्षर काकांचे, खतावणीतल्यासारखे वळणदार: “रविवार. ही भजनाला गेली आहे. सहाला येईल. घाबरू नये.”