एका गळाने काय बिघडतं?

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात मासेमारीबंदीचं क्षेत्र पाच टक्क्यांहूनही कमी होतं. १ जुलै २००४ रोजी ते एकदम तेहतीस टक्क्यांवर गेलं आणि सुटीला छोटी होडी काढून गळ टाकणारे क्वीन्सलँडचे हौशी मासेमार खवळले. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात, मग आमच्या एका गळाने काय बिघडतं, हा त्यांचा सवाल. एका गळाने काहीच नाही. पण गळ हजारो असतात आणि प्रत्येकाला हवा असतो मोठा मासा. नेमकी मोठी मादीच लहानीच्या कितीतरी पट अंडी घालते. याच उद्यानातल्या केपेल बेटांजवळ कोरल ट्राउट आणि स्ट्रायपी स्नॅपर या माशांच्या पिल्लांचा डीएनए तपासून त्यांचे आईबाप शोधले गेले. तिथल्या प्रवाळाचा जेमतेम २८ टक्के भाग व्यापणाऱ्या बंदीक्षेत्रांतून जवळपास निम्मी पिल्लं आली होती, आणि त्यातली बरीच खुल्या भागात वाढत होती.

उरलेल्या जागी गर्दी होईल, हा आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. घराजवळची जागा गेली की मोठ्या इंजिनवाल्याचं फारसं अडत नाही, छोट्या होडीवाल्याचं अडतं. हद्दी आखताना त्याला विचारायलाच हवं. तरीही जवळपास दोन तृतीयांश उद्यान गळाला खुलं आहे. सरसकट बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी आधी केपेलच्या पिल्लांचा हिशेब द्यावा.