तलावाचं दप्तर

मी कड्याहून बोलतेय. आष्टी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून माझं रोजचं काम बैठका घेणं आणि वह्या तपासणं. आज पैशाच्या वहीबद्दल नाही, तलावाच्या वहीबद्दल बोलणार आहे.

एका गावच्या ग्रामसभेत तलावातला गाळ काढायचा विषय होता. गाळ निघाला की पाणी जास्त साठतं, शेतात टाकला की पीक सुधारतं. त्याला कुणाची ना नव्हती. आमच्या गटातल्या एक आजी उठून म्हणाल्या, "वरच्या अंगाचा उथळ भाग तेवढा राहू द्या. थंडीत लांबून पाखरं येतात तिथं." लगेच प्रश्न आला, "किती येतात? कोणत्या महिन्यात? कुठं लिहून ठेवलंय का?" आजी गप्प बसल्या. वर्षानुवर्षं त्या काठावर शेळ्या चारतात, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण लिहिलेलं काहीच नव्हतं. विषय पुढं गेला.

मला आपली पंचसूत्री आठवली. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं दप्तर. दप्तर नसेल तर बाकीच्या चार गोष्टी केल्या तरी बँक विचारत नाही. तलावाचंही तसंच आहे.

पाखरं ओळखायला शिकावं लागेल, असं वाटून घाबरू नका. निम्मी तुम्ही ओळखताच. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, ते हळदी-कुंकू बदक. अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. लांब लाल पायांचा शेकाट्या. बुडी मारून भलतीकडंच वर येते ती टिबुकली. बगळे, टिटवी, खंड्या, पाणकावळा तर रोजचेच. हिवाळ्यात येणारा नारंगी अंगाचा चक्रवाक हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. पाहुणी पाखरं साधारण नवरात्र-दिवाळीपासून होळीपर्यंत राहतात.

नुसत्या मोजणीनं काय होतं, असं कुणी विचारेल. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधला. गाळ साचून तिथं उथळ पाणी, बेटं, दलदल तयार झाली आणि पाखरं उतरू लागली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. २०२० मध्ये त्याचं नाव रामसर यादीत आलं. महाराष्ट्रातली ती पहिलीच जागा. रामसर हे इराणमधलं शहर. पाणथळ जागा राखण्याचा जगभरच्या देशांचा करार १९७१ मध्ये तिथं झाला. या यादीसाठी जे निकष आहेत, त्यातला एक असा, की त्या जागी नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत. आता हे कुणी मोजल्याशिवाय कसं कळणार? नांदूरला वनखात्याबरोबर पक्षीमित्र आणि स्थानिक गाईड मोजणीला उभे राहतात. आशियाई पाणपक्षी गणनाही १९८७ पासून दर जानेवारीत होते. तीही मुख्यतः स्वयंसेवकांच्याच जिवावर चालते.

आपल्या गावचा तलाव नांदूरएवढा मोठा नाही. पण लहान तलावाची नोंद बाहेरचं कुणी येऊन करत नाही. ती आपणच केली तर होते.

आपल्याकडं एक खरी अडचण आहे. पाहुणी पाखरं येतात त्याच सुमारास आपल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. गटातल्या निम्म्या बाया कोपीवर असतात. म्हणून कामाची वाटणी करा. गावात राहिलेल्या सासूबाई पाहतील आणि सांगतील, शाळा-कॉलेजातली नात लिहील. तोडीला गेलेल्या बायांनीही डोळे उघडे ठेवावेत. काहीजणी इंदापूर, करमाळ्याकडं, उजनीच्या फुगवट्याजवळ असतात. तिथं भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळला मासेमारी करणारे लोक हिवाळ्यात आपल्या होडीतून पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. त्यांचं भांडवल म्हणजे होडी, आणि या आठवड्यात पाखरं कोणत्या काठाला आहेत याची माहिती. आपल्याकडं लगेच पर्यटक येतील असं मी सांगत नाही. पण माहितीला किंमत असते, एवढं त्यातून कळतं.

आता वही कशी ठेवायची ते ऐका. शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा. तारीख, वेळ, तलावाची कोणती बाजू, पाणी किती आहे, पाखराचं नाव, संख्या, कुणी पाहिलं. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच जागी, सकाळी, अर्धा तास. थवा मोठा असेल तर आधी दहा पाखरं मोजा, तेवढा घोळका डोळ्यात धरा आणि असे किती घोळके होतात ते पाहा. अशा आकड्यापुढं "अंदाजे" लिहा. नाव येत नसेल तर ठोकून देऊ नका. "कावळ्याएवढं, चोच लांब आणि खाली वाकलेली, पाय काळे" असं वर्णन लिहा, जमलं तर मोबाइलवर फोटो काढा. आणि एकही पाखरू दिसलं नाही तर "शून्य" लिहा. शून्य ही सुद्धा नोंद आहे. दुष्काळात तलाव कधी आटला आणि पाखरं कधी गेली, हे त्या शून्यावरूनच कळतं.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आपण ऐकत आलोय. चार-पाच वर्षं अंडी कुठं दिसली आणि पाऊस किती झाला हे लिहा, म्हणजे खरंखोटं आपलं आपल्यालाच पडताळता येईल. मात्र घरट्याच्या जवळ जायचं नाही, आणि जागा चारचौघात सांगायची नाही. शिकार करणारेही ऐकत असतात. गाळात, खोल पाण्यात कुणी उतरायचं नाही. एकटीनं जायचं नाही.

या वहीला कायद्यातही जागा आहे. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातल्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं मुख्य काम. २००४ च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं ठरवलं. ग्रामसेवकांना विचारा, आपल्या गावची समिती कुणाकुणाची आहे, नोंदवही कुठं आहे. ती उघडून वाचा. तुमच्या तलावाचं पान कोरं असेल तर गटाचा ठराव करून वर्षाच्या नोंदी समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. मुलींना जमत असेल तर ई-बर्ड या मोफत अ‍ॅपवरही नोंद टाकता येते. वेगळी वाटणारी नोंद तिथले जाणकार तपासून पाहतात.

त्या आजींची नात आता वही लिहिते. आजी सांगतात, ती लिहिते, खाली आजींचा अंगठा असतो. वहीमुळं गाळाचा निर्णय बदलेलच, असं नाही. पण पुढच्या ग्रामसभेत "किती, कधी, कुठं लिहिलंय" असं कुणी विचारलं, तर आजी वही पुढं करतील.

येत्या बैठकीत बचतीची वही लिहून झाली की दहा मिनिटं तलावाच्या वहीला द्या.