पोटाचे दुर्मिळ विकार : निदान, शस्त्रक्रिया आणि खर्चाचा प्रश्न

पोटदुखी ही कोणत्याही रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील नित्याची तक्रार होय. बहुसंख्य रुग्णांत तिचे कारणही नित्याचेच निघते. आम्लपित्त, पित्ताशयातील खडे, मूतखडा, अपेंडिक्सची सूज किंवा आतड्यांचा जंतुसंसर्ग यांपैकी काहीतरी आढळते व उपचार सुरू होतात. मोजक्या रुग्णांत मात्र या नेहमीच्या यादीबाहेरचा रोग दडलेला असतो. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात असे रुग्ण 'इतर उदरशस्त्रक्रिया' या एका ओळीत सामावून जातात. त्या एका ओळीमागे किती तपासण्या, किती विचारविनिमय आणि किती खर्च असतो, याची कल्पना विश्वस्त, देणगीदार व सभासद यांना यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय मजकूर शल्यचिकित्सकांकडून तपासून घेतला आहे.

निदान किती पुढे गेले आहे, याची कल्पना आपल्याच राज्यातील दोन घटनांवरून येते. १९९९ साली नागपूरकडील एका प्रौढ पुरुषावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याचे पोट कित्येक वर्षे फुगत गेले होते. मोठी गाठ असावी, या समजुतीने पोट उघडण्यात आले. आत आढळला तो त्याच्याच जुळ्या भावंडाचा अविकसित गर्भ. मातेच्या उदरात एक गर्भ दुसऱ्याच्या शरीरात सामावला गेल्याने हा विकार उद्भवतो. २०२५ च्या आरंभी हाच विकार बुलढाणा येथील शासकीय रुग्णालयात एका गर्भवतीच्या सोनोग्राफीत, बाळाचा जन्म होण्यापूर्वीच ओळखला गेला. पुढे अमरावती येथील शासकीय रुग्णालयात त्या नवजात बाळावर शस्त्रक्रिया करण्यात आली. पहिल्या घटनेत रोग कळला तो पोट उघडल्यावर. दुसरीत तो जिल्ह्याच्या ठिकाणी, वेळेवर कळला. जिल्हा पातळीवरील रुग्णालयाचे खरे काम या फरकात आहे.

कुत्रा, मेंढी आणि यकृतातील गाठ

सोलापूर परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विकार म्हणजे हायडॅटिड गाठ. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांत मेंढपाळीचा व्यवसाय जुना आहे आणि कळपाबरोबर कुत्रा असतोच. या रोगाचा अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे जमिनीवर, गवतावर व पाण्यात पसरतात. चरताना ती मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात वा फुप्फुसात द्रवाने भरलेली गाठ तयार होते. कापलेल्या मेंढीचे असे अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. दूषित हात, भाजी किंवा पाणी यांवाटे माणूस या चक्रात अपघाताने सापडतो. मटण खाल्ल्याने हा रोग होतो, हा समज चुकीचा आहे. तसेच तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही.

ही गाठ सर्वाधिक प्रमाणात यकृतात व त्याखालोखाल फुप्फुसात आढळते. ती अत्यंत संथपणे वाढते. कित्येक वर्षे रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा व दुखणे सुरू होते. गाठ पित्तनलिकेत फुटल्यास कावीळ व ताप येतो. सोनोग्राफीत मोठ्या गाठीच्या पोटात लहान गाठी मधाच्या पोळ्यासारख्या दिसल्या, तर निदान बरेचसे निश्चित होते. १९८१ साली ट्युनिशियातील डॉ. घरबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीवरून या गाठींचे प्रकार ठरविले. त्या पायावर जागतिक आरोग्य संघटनेने पुढे केलेले वर्गीकरण आज उपचार ठरविताना वापरले जाते. रक्ततपासणीचा उपयोग होतो. परंतु ती निर्दोष आली म्हणून गाठ नाही, असे म्हणता येत नाही.

येथे निदानाला असाधारण महत्त्व आहे. गाठ साधी समजून पूर्वतयारीविना सुई घातल्यास आतील द्रव पोटात सांडतो. त्यामुळे रुग्णाचा रक्तदाब एकाएकी कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो, तसेच सांडलेल्या कणांपासून पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. गाठीचा प्रकार पाहून उपचार ठरतो. काहींना अल्बेंडाझोलच्या गोळ्या पुरतात. काहींत गोळ्यांच्या संरक्षणाखाली, सोनोग्राफीत पाहत सुईने द्रव काढून कृमिनाशक द्रावण आत सोडले जाते व ते पुन्हा शोषून घेतात. मोठ्या वा गुंतागुंतीच्या गाठींना शस्त्रक्रिया लागते. अशा वेळी तीव्र मिठाच्या द्रावणात भिजविलेल्या कापडाने भोवतालचा भाग झाकून घेतात, गाठ रिकामी करतात, आतील पांढरा पापुद्रा समूळ काढतात आणि पित्त कोठे झिरपत नाही ना, हे बारकाईने पाहतात. भूलतज्ज्ञ संभाव्य तीव्र प्रतिक्रियेसाठी औषधे हाताशी ठेवूनच उभे असतात. त्यानंतरही काही वर्षे नियमित सोनोग्राफी आवश्यक असते.

प्रश्न विचारल्याशिवाय न सापडणारे रोग

दुसरा विकार पोटातील केसांच्या गोळ्याचा. तो प्रामुख्याने किशोरवयीन मुली व तरुण स्त्रियांत आढळतो. केस पचत नाहीत. ते जठरात साचून घट्ट होत जातात व अखेर जठराचाच आकार घेतात. क्वचित त्याचे शेपूट लहान आतड्यात उतरते. थोडेसे खाल्ल्यावरच पोट भरणे, उलट्या, वजन घटणे, पंडुरोग आणि वरच्या पोटात हाताला लागणारी गाठ, ही त्याची लक्षणे होत. दुर्बिणीतून गोळा दिसतो. मात्र मोठा असल्यास जठर उघडूनच काढावा लागतो. केस खाण्याची सवय मुलगी आपणहून सांगत नाही आणि आईला ती ठाऊक नसते किंवा सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणून डॉक्टरांनी डोक्यावरील विरळ जागा पाहणे व एकान्तात, आपुलकीने विचारणे महत्त्वाचे ठरते. शस्त्रक्रियेनंतर मानसोपचार न मिळाल्यास गोळा पुन्हा होण्याची भीती राहते.

तिसरा विकार आतड्यांभोवती कोश तयार होण्याचा. रेशमाच्या किड्याभोवती असतो तसा तंतुमय पडदा लहान आतड्याला वेढून टाकतो. १९७८ साली त्याला 'उदरकोश' या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. पोट वारंवार फुगणे, उलट्या होणे आणि दोन दिवसांत आपोआप बरे वाटणे, असे महिनोन्महिने चालते. सी. टी. स्कॅनमध्ये आतड्यांची वेटोळी एका पिशवीत कोंबल्यासारखी दिसतात. शस्त्रक्रियेत आतड्याला इजा न करता हा पडदा सोलून काढणे हे अत्यंत संयमाचे काम असते. काढलेल्या पडद्याची तपासणी टाळल्यास मूळ क्षयरोग तसाच राहू शकतो. तो सिद्ध झाल्यास राष्ट्रीय कार्यक्रमातून औषधे विनामूल्य मिळतात.

या तिन्ही विकारांत पहिला दुवा यंत्राकडून नव्हे, तर रुग्णाच्या हकिगतीतून मिळतो. घरी मेंढ्या-कुत्रे आहेत काय? केस तोंडात जातात काय? घरात कोणास क्षय झाला होता काय? सोलापुरात हे प्रश्न मराठीइतकेच कन्नड, तेलुगू व उर्दूतही विचारावे लागतात. रुग्णाची भाषा जाणणारी परिचारिका किंवा समाजसेवक शेजारी असणे, हादेखील निदानाचाच भाग आहे.

खर्चाची बाजू

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचे मोठे ओझे उतरले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु योजनेची पूर्वमंजुरी रोगाचे नाव व त्याचे पुरावे पाहून मिळते. दुर्मिळ विकारात नाव कळेपर्यंतच सोनोग्राफी, स्कॅन, दुर्बीण तपासणी व रक्ततपासण्या होऊन गेलेल्या असतात. पोट उघडल्यावर रोग निराळा निघाला, तर कागदपत्रांचा दुसरा फेरा सुरू होतो.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तसेच रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या निधीचा आधार मोठा असला, तरी त्यावर सर्वच निर्धन रुग्णांचा हक्क असतो. शिवाय उत्पन्नाचा दाखला मिळेपर्यंत रोग थांबत नाही. उसने पैसे संपले की रुग्ण तपासणी अर्धवट सोडून गावी परततो व पुन्हा येतो तो गाठ फुटल्यावर किंवा आतडे बंद पडल्यावर. तेव्हा त्याच्या जिवाचा धोका वाढलेला असतो आणि खर्चही कित्येक पटींनी.

म्हणून केवळ निदानासाठी स्वतंत्र निधी असणे अगत्याचे वाटते. शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक भाग सूक्ष्मदर्शक तपासणीस पाठविण्याचा खर्चही त्यातून व्हावा. जी शस्त्रक्रिया येथे सुरक्षितपणे होऊ शकत नाही, तिच्यासाठी रुग्णाला पूर्ण कागदपत्रांसह योग्य ठिकाणी वेळेवर पाठविणे व त्याचा प्रवासखर्च देणे, हेही याच निधीचे काम ठरावे.

देणगी देताना यंत्रसामग्री किंवा खोली यांना साहजिकच पसंती मिळते. तेथे नावाची पाटी लावता येते. तपासणीवर पाटी लावता येत नाही. तथापि वेळेत झालेल्या एका सोनोग्राफीने एखाद्या मेंढपाळाचे घर कर्जातून वाचते, ही नोंद कोणत्याही ताळेबंदात दिसत नसली तरी ती खरी आहे. दात्यांनी या गरजेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.