दुकानातला रंग, उन्हातला रंग

परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. रात्री दिव्यांच्या झगमगाटात घेतलेली ओढणी सकाळी घरी निराळीच दिसली, तर कुणी बदलून दिली असे लगेच समजू नका. वस्तू अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषते, उरलेला परतवते. तोच आपल्याला तिचा रंग म्हणून दिसतो. प्रकाश बदलला की रंग बदलणारच.

लाल काठाची हिरवी साडी निव्वळ लाल दिव्याखाली धरा. हिरव्या अंगाला परतवायला हिरवा प्रकाशच मिळत नाही, म्हणून ते काळपट दिसते. काठ मात्र उजळतो. पांढऱ्या कागदावरचा लाल मजकूर याच दिव्यात जवळजवळ पुसला जातो. लाल ताडपत्रीखालचे टोमॅटो जास्त पिकलेले वाटतात तेही यामुळेच. यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो, म्हणून ही बाब किरकोळ नाही.

मॅचिंग ब्लाऊज पीसचे प्रकरण आणखी फसवे. दोन कापडांना वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी सारखी छटा आणलेली असेल, तर ट्यूबलाइटमध्ये ती तंतोतंत जुळतात आणि उन्हात वेगळी पडतात.

दुकानदारांनी एलईडी घेताना खोक्यावरचा ‘सीआरआय’ आकडा पाहावा. तो १००च्या जितका जवळ, तितके रंग खरे. साधे दिवे ८०च्या आसपास असतात. कापड दुकानाला ९०च्या पुढचेच हवेत.

आणि गिऱ्हाइकांनो, पैसे मोजण्याआधी कापड दाराबाहेर दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. तो तुमचा हक्क आहे.