नवा खुबा घेऊन आजी घरी आली

बाभुळगावातले कोणतेही एक घर डोळ्यांपुढे आणा. पुढे ओसरी, मग उंबरठा, आत सारवलेली जमीन. कोपऱ्यात बाज. जेवायला पाट. संडास मागे परसात, तोही उकिडवे बसायचा. या घरातली आजी पावसाळ्यात अंगणात घसरून पडली. मांडीचे हाड वर, खुब्यापाशी मोडले. तिला यवतमाळला नेले. तिथे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी नवा खुबा बसवला. काही दिवसांनी धामणगावच्या रस्त्याने गाडी परत आली आणि दाराशी उभी राहिली.

खरी अडचण आता सुरू होते. ऑपरेशन डॉक्टरांनी केले. पुढचे दोन-तीन महिने घराने सांभाळायचे आहेत. आणि आपले घर तर सगळे जमिनीवरचे!

आधी हे बघू, की डॉक्टरांनी केले काय. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते, लिंबासारखे. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. ते लिंबू या वाटीत फिरते, म्हणून आपण चालतो, वाकतो, मांडी घालतो. लिंबू मोडले किंवा झिजले, तर ते काढून तिथे धातूचा किंवा चिनी मातीसारख्या पक्क्या पदार्थाचा गोळा बसवतात. वाटी खराब असेल तर तीही नवी घालतात. हाड मोडलेले असले तर पुष्कळदा नुसता गोळाच बदलतात. आज ज्या रीतीने वाटी आणि गोळा दोन्ही बदलतात, ती रीत जॉन चार्नली नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1962 साली बसवली.

हे दुखणे म्हाताऱ्यांचेच, असे मात्र समजू नका. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. गोळ्याला रक्त पोचेनासे झाले की तो आतून ढासळतो. अशा तरण्या माणसालाही कधी कधी खुबा बदलावा लागतो.

नवा गोळा वाटीत घालण्यासाठी भोवतालचे स्नायू बाजूला सारावे लागतात, काही कापून पुन्हा शिवावे लागतात. ते भरून यायला वेळ लागतो. तोवर पाय फार वाकला किंवा आत वळला, तर गोळा वाटीतून निसटतो. सारे पथ्य यासाठीच आहे. साधारण सहा ते बारा आठवडे ते पाळायला सांगतात. ऑपरेशन पुढून केले की मागून, यावरही थोडा फरक पडतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि त्यांचेच ऐकावे.

आता घरात काय होते ते बघा. शेजारीण येते. म्हणते, "माय, उठू नको. पडून राह्य. येवढं मोठं आपरेशन झालं!" बोलते ती मायेनेच. पण आजी पडून राहिली, तर पायातले रक्त साकळते. त्याची गाठ होते. ती गाठ सुटून छातीत गेली, तर जीवावर बेतते. म्हणून आजीने पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवत राहावे. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली असेल, ती चुकवू नये. आणि दिवसातून चार-पाच वेळा वॉकर धरून थोडे थोडे चालावे. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. ओसरीची पायरी चढताना चांगला पाय आधी. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मागून कोणी हाक मारली, तर पाय रोवून कंबर वळवू नये. लहान लहान पावले टाकत सारे अंग वळवावे.

दुसरे लोक याच्या उलट करतात. ते आजीला लगेच पहिल्यासारखी वागवतात. "ये आजी, बस जेवायला," म्हणून पाट मांडतात. इथेच घात होतो. पाटावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे, हे सगळे बंद. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, एवढी एकच खूण ध्यानात धरा. म्हणून खुर्ची हवी, हातांची, उंच आणि टणक. उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवावा आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे. वॉकरला लोंबकळून उठू नये, तो उलटतो.

बाजेचेही तसेच. दोरी सैल पडली की माणूस मधे खचतो आणि गुडघे वर येतात. बाजेवर फळी टाका, वर गादी घाला. बाज बुटकी असेल तर चारही पायांखाली विटा लावा. पण त्या हलत नाहीत ना, हे आधी स्वतः बसून बघा. निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

संडासाची सोय आजी यायच्या आधीच करावी. मधे भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते. ती संडासाच्या भांड्यावर ठेवता येते. सुताराला उंची नीट सांगितली तर तोही करून देईल. हे काम लाजेपोटी मागे पडते. मग रात्री अंधारात आजी कोणाला न उठवता भिंत धरत परसात जाते, आणि पडते. रात्री दिवा असू द्या. वाटेतली गोधडी, विजेची वायर, दारातली बकरी, सारे बाजूला करा. ओल्या सारवणावर तिला चालू देऊ नका.

जखमेला हळद, तेल, राख, पाला काही लावू नये. कोरडी ठेवावी. मालिशवालीला आणि हाड बसवणाऱ्याला तर दाराबाहेरच थांबवावे. टाके काढायला सांगितलेल्या दिवशी जावे. जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. खुब्यात एकाएकी जबर कळ आली, पाय आखूड दिसू लागला, उभे राहता येईना, तर गोळा निसटला असे समजा. कोणी ओढून बसवायला बघू नये. अशा वेळी 108 नंबरवर फोन करा. श्वास कोंडला, छातीत दुखले, तरी तेच करा.

"आता या वयात काय चालणार ती?" असे घरातलेच लोक आजीसमोर बोलतात. इंग्लंडच्या राणीच्या आईचा एक खुबा 1995 साली बदलला, तेव्हा ती 95 वर्षांची होती. 1998 साली ती पडली आणि दुसराही बदलावा लागला. त्यानंतरही ती चार वर्षे जगली. राजवाड्यात नोकरचाकर होते, हे खरे. पण तिचे पाय काही नोकरांनी उचलले नाहीत.

पुढे आजी विचारते, "मी वावरात कवा जाऊ?" प्रश्न पोटाचा आहे. मजुरी बुडाली की घराला ते जाणवते. कापूस वेचायचा तो उभ्याने. बेताचे वाकून ते काम पुढे जमूही शकेल. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. निंदण मात्र उकिडवे बसून करायचे काम. पुष्कळ डॉक्टर ते कायमचे बंद करायला सांगतात. तेव्हा निंदणाला दुसरे कोणी जावे, आणि आजीने ओसरीवर उंच खुर्चीत बसून तूर निवडावी. सूप मात्र तिच्या हाती द्यावे. ते उचलायला तिला खाली वाकू देऊ नये.